बारा दिवसांनी दुप्पट

१२ मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुझे गुडघे दुखतात आणि तू तरीही दोन-दोन जिने चढून सातवीच्या वर्गात जातेस, हे वाचून ही म्हणाली, "तुमच्या ताईंना खाली वर्ग मागायला काय होतं?" मी म्हटलं, ताई मागणार नाही. ती जिन्याच्या पायऱ्या मोजत बसेल, पण मागणार नाही.

आता इकडची बातमी. छोटीचं सगळं ठीक आहे. काल मी नावेनं तलावापलीकडे तिच्या सासरी जाऊन तिला बघून आलो. तोंडावर तेज आहे, पायांना थोडी सूज आहे. डॉक्टरीणबाईंनी मेच्या पहिल्या आठवड्याची तारीख दिली आहे. मागच्या खेपेला कळा लांबल्या आणि मूल हाती लागलं नाही, म्हणून त्यांनी या वेळी बजावून सांगितलंय की दिवस भरायच्या आधीच अलीकडच्या काठावर, दवाखान्याजवळ आणून ठेवा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तिला आणायचं ठरवलंय. विहीणबाई कंबरेनं अंथरुणाला खिळल्यात, त्यांचं सगळं छोटीच करते. त्यामुळे त्याआधी निघायला ती तयार नाही. व्याहीबुवा भट्टीवर पहाटेपासून उभे. त्यांनी पाव भाजला नाही तर त्या काठाला न्याहारी नाही.

आणखी एक गंमत. आमच्या तलावात जलपर्णी आली आहे. हिरवीगार पानं, वर जांभळी फुलं. लांबून बघितलं तर बाग वाटते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मी अंदाज घेतला तेव्हा आमच्या सुतारकामाच्या कारखान्याच्या अंगणाएवढे आठ तुकडे भरले असते. तीन दिवसांपूर्वी, नऊ तारखेला, पुन्हा बघितलं तर चौसष्ट अंगणं. मोजणीदार म्हणतो, नावेच्या वाटेचा हा सगळा तलाव हजारेक अंगणांचा. म्हणजे अजून दीड-पावणेदोन वर्षं तरी बघायला नको. तोवर कचेरी काहीतरी करेलच. लोक मात्र आतापासून बोंबा मारताहेत. सुताराला मापाची सवय असते म्हणून मी शांत आहे.

गुडघ्यांना तेल लाव.

तुझा
धाकटा

*

१७ मार्च

धाकट्या,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, खाली ठेवलं, आणि पुन्हा उचललं. तुझं दीड वर्ष कुठून आलं ते कळलं. पाच आठवड्यांत छप्पन्न अंगणं वाढली, मग उरलेली साडेनऊशे त्याच हिशेबानं. लाकूड असतं तर तुझं बरोबर होतं. लाकूड पिलं घालत नाही.

खात्री करायची म्हणून मी तुझे आकडे वर्गात फळ्यावर लिहिले. कुणाचे, कुठले ते सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "एका तलावावर नाव चालते. पलीकडच्या काठावर एक बाई आहे. तिला मेच्या पहिल्या आठवड्यात अलीकडे असायलाच हवं. ती कधी निघाली तर पोचेल?"

आधी सगळ्यांनी तुझ्यासारखंच केलं. मग माझ्याकडे एक मुलगी आहे, तिचं प्रत्येक वाक्य 'पण'नं सुरू होतं, म्हणून वर्ग तिला पणवाली म्हणतो. ती उठली. "पण बाई, झाडाला झाड फुटतं ना? मग जितकी जास्त झाडं, तितकी जास्त नवी झाडं. दर आठवड्याला सारखी कशी वाढतील?"

मग आम्ही पुन्हा बसलो. आठाचे सोळा, सोळाचे बत्तीस, बत्तीसचे चौसष्ट. छत्तीस दिवसांत तीन वेळा दुप्पट, म्हणजे दर बारा दिवसांनी एकदा. आता पुढे चाल. चौसष्टाचे एकशेअठ्ठावीस, मग दोनशेछप्पन्न, मग पाचशेबारा, मग हजाराच्या वर. फक्त चार उड्या. बारा चोक अठ्ठेचाळीस. नऊ मार्चपासून मोजलं तर एप्रिलचा शेवटचा आठवडा.

तू छोटीला आणायचं ठरवलंयस त्याच आठवड्यात तलाव बंद होतोय.

मग पणवालीनंच विचारलं, "पण बाई, एप्रिलच्या मध्याला त्या बाईला तलाव अर्धा मोकळा दिसेल. तिला वाटेल अजून खूप वेळ आहे." मी फळ्याकडे तोंड केलं. मुलांना वाटलं मी पुढचं लिहितेय.

कदाचित आमचं चुकत असेल. जागा कमी पडली की वाढ मंदावते, हेही मी मुलांना सांगितलं. पण धाकट्या, नाव अडायला सगळा तलाव भरावा लागत नाही. तुझ्या नावाडीदादांना विचार, किती झाकला की वल्हं मारता येणार नाही. आणि पुन्हा माप घे.

तुझी
ताई

*

२४ मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

रागावू नकोस, पण तुझ्या सातवीच्या पोरांनी मला परवा रात्री झोपू दिलं नाही. त्याच रात्री जोराचा वारा सुटला आणि काल सकाळी बघतो तर घाटासमोरचं पाणी आरशासारखं. जलपर्णी नावालासुद्धा नाही! मी हिला हाक मारून दाखवलं. म्हटलं, बघ, ताईच्या गणिताला वारा लागला.

नावाडीदादांना विचारलं. ते म्हणाले, अर्ध्यापेक्षा जास्त झाकलं तर वल्हं अडकायला लागतं, पाऊण झालं की नाव जागची हलत नाही. कचेरीतही जाऊन आलो. साहेब माणूस वाईट नाही. त्यांनी खुर्ची दिली, ऐकून घेतलं. म्हणाले, "नियम असा आहे की पाव भाग झाकला गेला की उपसणीचं यंत्र मागवायचं. यंत्र यायला महिना लागतो. अजून पाव कुठे झालाय?" मलाही ते पटलं. पाव म्हणजे पाव. तीन हिस्से तलाव मोकळा असताना कशाला आरडाओरडा?

आणि खरं सांगू? तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी पलीकडे जाऊन छोटीजवळ विषय काढला होता. तिचं एकच, "बाबा, सासूबाईंना कुशीवर कोण वळवणार? महिनाभर आधी येऊन मी तिकडे करू काय, वाट बघत बसू?" तिच्या डोळ्यांत मागच्या वेळचं काहीतरी होतं. दवाखान्याच्या नुसत्या नावानं ती गप्प होते. मी पुढे बोललो नाही. बापाला काही गोष्टी बोलता येत नाहीत.

ठरलंय तसंच राहू दे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात.

तुझा
धाकटा

*

२९ मार्च

धाकट्या,

वाऱ्यानं जलपर्णी खाल्ली नाही. ढकलली. तुझ्या घाटासमोरून उचलून तिकडे नेऊन ठेवली, छोटीच्या दारात. तुला आरसा दिसतोय तो तिच्या वाट्याच्या पाण्याचा आहे.

तुझ्या साहेबांचा नियम मी वर्गाला दिला. पाव झाला की यंत्र मागवायचं, यंत्र यायला महिना. मुलांनी पाच मिनिटांत उत्तर काढलं. पावाचा अर्धा व्हायला बारा दिवस, अर्ध्याचा पूर्ण व्हायला बारा. चोवीस दिवस. यंत्र येईल तेव्हा तलाव बंद होऊन आठवडा झालेला असेल. एक मुलगा हसला, "नियम कुणी केला बाई?" मी त्याला हसू दिलं नाही. नियम करणाऱ्यानंही तुझ्यासारखंच बघितलं असेल, आज किती आहे ते. उद्या किती असेल हे डोळ्याला दिसत नाही रे. म्हणून तर फळा लागतो.

तू बोलू शकत नसशील तर मी बोलते. सोबत एक वेगळी चिठ्ठी आहे. ती व्याहीबुवांना दे. त्यात मी सगळं मांडलंय आणि एकच विनंती केली आहे: भट्टीच्या गच्चीवरून त्यांनी स्वतः बघावं आणि आपलं आपण ठरवावं. मी मुलीकडची, माझा शब्द किती चालतो मला माहीत नाही. पण मागच्या वेळी तुझी तार आली तेव्हा मी शाळेच्या दारात उभी होते, आणि मला तशी दुसरी तार नको आहे.

टपालाला पाच दिवस लागतात. हे पत्र तुला मिळेपर्यंत पाव झालेला असेल.

ताई

*

८ एप्रिल

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

छोटी इथे आहे. माझ्या पाठीमागच्या खोलीत झोपली आहे. हे आधी लिहितो, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल.

तुझी चिठ्ठी घेऊन मी तीन तारखेला पलीकडे गेलो. तू म्हणालीस ते खरं होतं. माझ्या काठाला स्वच्छ पाणी, आणि त्यांच्या काठाला हिरवी सतरंजी. शेवटचा पल्ला आम्ही बांबूनं ढकलत काढला. व्याहीबुवा भट्टीसमोर पिठात कोपरापर्यंत हात घालून उभे. मी चिठ्ठी वाचून दाखवली. मला वाटलं, हसतील. त्यांना माझी थट्टा करायला एरवी निमित्त लागत नाही. पण ते ऐकत राहिले. मग परातीवरचं ओलं फडकं उचलून म्हणाले, "हे बघा. आंबवण घातलं की पहिला बराच वेळ काही होत नाही. नवीन पोरं म्हणतात, मेलं हे. मी म्हणतो, थांबा. मग एकदम असं येतं की परात पुरत नाही. ताईंच्या मुलांनी पाण्यातली परात बघितली, एवढंच."

गच्चीवर गेलो. तिथून सगळा तलाव दिसतो. दोघांनी मिळून अंदाज काढला, पावापेक्षा जास्तच. त्यांनी हातांचं पीठ झटकलं. मग खाली येऊन छोटीला म्हणाले, "सूनबाई, गाठोडं बांध." ती म्हणाली, "आणि आईंचं?" ते म्हणाले, "तीस वर्षं मी रात्री तीनला उठून पीठ वळवतोय. बायकोला वळवता येणार नाही होय मला?" विहीणबाई आतून ओरडल्या, "मी काय पाव आहे?" छोटी रडता रडता हसली. मग मात्र यायला तयार झाली.

परवा ते स्वतः तिला घेऊन आले. नाव नेहमीच्या दुप्पट वेळानं लागली. त्यांनी सगळा वेळ तिच्यावर छत्री धरली होती. उतरल्यावर मी म्हटलं, "राहा आता इथेच, नातवंड बघूनच जा." जावई तिकडे धरणाच्या कामावर लांब, घरी माणूस नाही. म्हणाले, "उद्याचा पाव कोण भाजणार? आणि तिला पाणी कोण देणार? मी येईन हो. तलाव काय जन्माचा बंद होतोय?" आणि त्याच नावेनं परत गेले.

कचेरीनं यंत्राची मागणी पाठवली. साहेबांनी मला बोलावून सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

तुझा
धाकटा

*

१४ एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र काल आलं. वाचून मी देवळातल्यासारखी हात जोडून खुर्चीत बसून राहिले. मग वर्गात गेले आणि सांगितलं, "ती बाई पोचली." वर्गानं एवढा गलका केला की शेजारच्या वर्गातले गुरुजी बघायला आले.

व्याहीबुवांना माझा निरोप सांग: त्यांची आंबवणाची गोष्ट मी वर्गात सांगितली, आणि मुलांना ती माझ्या फळ्यापेक्षा चांगली समजली. बारशाला मी येणार, आणि त्यांच्या हातचा गरम पाव खाणार. गुडघे गेले उडत.

गणिताप्रमाणे आज अर्धा तलाव झाकला असेल. तुला घाटावरून कसा दिसतो ते लिही. छोटीला जप.

ताई

*

६ मे

ती. ताईस,
नमस्कार.

तीन तारखेला छोटीला मुलगी झाली. तार मिळालीच असेल. कळा पुन्हा लांबल्या होत्या, शस्त्रक्रिया करावी लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इथे नसती तर दोघींपैकी एकही राहिली नसती. आता दोघी बऱ्या आहेत. मुलगी रडते भरपूर.

तलाव चोवीस एप्रिललाच बंद झाला. नाव नाही.

जास्त लिहीत नाही. कामं आहेत.

तुझा
धाकटा

*

११ मे

धाकट्या,

किती कोरडं पत्र रे! आजोबा झालास आणि चार ओळी? मी समजू शकते, दवाखान्यात खेपा घालून दमला असशील. इथे आनंदीआनंद आहे. सुट्टीतला जादा वर्ग चालू आहे; मुलांनी फळ्यावर भलामोठा '१' काढला आणि त्याच्या डोक्यावर टोपडं घातलं. गणित दोन दिवसांनी चुकलं यावर मात्र वाद झाला. आम्ही सव्वीस म्हटलं होतं, तू चोवीस लिहितोस. पणवाली म्हणते, "पण बाई, बंद म्हणजे नाव बंद की तलाव पूर्ण भरला? प्रश्न नीट विचारायला हवा होता." तिला काय उत्तर देऊ?

आणि व्याहीबुवांना नात कधी दाखवणार? एवढा छत्री धरून आलेला माणूस, तो तिकडे नि नात इकडे. यंत्र आलं का? त्यांना सांग, ताई म्हणते, नात तुमच्यासारखी गोल आणि गोरी असेल तर 'पावली' नाव ठेवू.

सविस्तर लिही. वाट बघते.

ताई

*

२० मे

ती. ताईस,
नमस्कार.

तुझं पत्र तीन-चार दिवस उशाशी ठेवलं. त्यातला तुझा निरोप मला कुणाला देता येणार नाही.

व्याहीबुवा गेले. पाच मेला. मागचं पत्र मी दुसऱ्या दिवशी लिहिलं. तेव्हा छोटीला सांगितलेलं नव्हतं, टाके ओले होते. घरात ते शब्द बोलायचे नाहीत असं आम्ही ठरवलं होतं, मग कागदावरही उतरले नाहीत.

तुला सगळं सांगतो. दोन दिवस त्यांच्या पोटात दुखत होतं म्हणे. तिकडच्या कंपाउंडरनं पुड्या दिल्या. पाच तारखेच्या सकाळी ते भट्टीपुढे वाकले ते सरळ झालेच नाहीत. कंपाउंडर म्हणाला, आतडं आहे, चिरावं लागेल, पलीकडे न्या. डोंगराच्या वाटेनं दोन दिवस लागतात आणि गाडी जात नाही. मग पाच जणांनी त्यांना नावेत निजवलं आणि विळे, कोयते, बांबू घेऊन निघाले.

आम्हाला घाटावरून दिसलं. नावेत कोण आहे ते कळलं नाही, पण कुणीतरी आजारी असल्याशिवाय अशी नाव कुणी काढणार नाही. मी आणि नावाडीदादा दुसरी नाव घेऊन इकडून निघालो. ताई, कापलेली जागा मागे लगेच मिटते गं. पुढे हातभर कापावं, नाव हातभर सरकावी, मागे वळून बघावं तर पुन्हा हिरवं. मुळं खाली दाट, वल्हं घातलं की धरून ठेवतात. दुपार झाली तरी आम्ही एकमेकांपासून इतके लांब होतो, जितकी आपल्या जुन्या घरापासून विहीर. आवाज मात्र स्वच्छ येत होता. पाण्याला लाट नव्हती, वल्ह्यांचा आवाज नव्हता, सगळं कसं मुकं.

त्या नावेतून कुणीतरी ओरडलं, "भट्टीवाले आहेत!" मी कोयता नावेत टाकला.

त्यांना नात झाल्याचं माहीतच नव्हतं. निरोप जायला वाटच कुठे होती? मी उभा राहिलो आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो, "व्याहीबुवा, मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत! मुलगी!" नावेतल्यांनी त्यांना थोडं उचलून धरलं. त्यांनी हात वर केला. नुसता हात दिसला मला, कोपरापर्यंत. काही बोलले, पण आमच्यापर्यंत आलं नाही. त्या नावेतला मुलगा मला नंतर म्हणाला, "ते म्हणाले, सूनबाईला म्हणावं घाई करू नको, मी तिकडे पोचतोय."

उन्हं कलायच्या आधी ते गेले. आम्ही पोचलो तेव्हा त्यांच्या अंगावर कुणाचं तरी धोतर पांघरलेलं होतं. त्या पाच जणांनी त्यांना परत त्यांच्याच काठाला नेलं आणि आम्ही मध्यरात्री घाटाला लागलो. विहीणबाईंना खिडकीतून दाखवलं, असं नंतर कळलं.

छोटीला परवा सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "त्यांना कुशीवर वळवायला मी नव्हते." मी तिला काय सांगू? तू मुलांना काय सांगायचं ते तू ठरव. गणित बरोबर आलं होतं, हे मात्र सांग. त्यात त्यांची चूक नाही.

तुझा
धाकटा

*

२८ मे

धाकट्या,

तुझं पत्र मी एकटीनं वाचायला हवं होतं, पण ते शाळेत आलं आणि मी जिन्यातच फोडलं. मग तिथेच पायरीवर बसून ते दुसऱ्यांदा वाचलं. तुझ्या दुःखावर मी थट्टेचा निरोप पाठवला. मला ठाऊक नव्हतं, तरी माझं मन मला खातंय.

छोटीला जवळ घे आणि सांग की आत्या म्हणते, तू गेलीस म्हणून तुझी मुलगी आहे, आणि तुला पाठवणारे तेच होते. आज तिला पटणार नाही. तरी सांगत राहा.

मुलांपासून लपवावं असं एकदा वाटलं. तेरा वर्षांची मुलं. पण मी त्यांना खऱ्या माणसांचे आकडे दिले होते, तर खरं उत्तरही द्यायला हवं. मी सांगितलं. त्या बाईला घेऊन आलेला भट्टीवाला परत गेला आणि वाट बंद झाल्यावर आजारी पडला. मग पणवाली उठली. तिचा 'पण' निघेना. शेवटी म्हणाली, "बाई, आपण एकाच बाईसाठी गणित केलं. तलाव तर सगळ्यांचाच बंद होणार होता."

मी तिला बस म्हटलं. दहा आठवडे मी फळ्यावर त्या काठावरची एकच बाई काढत होते.

दोन दिवसांनी मुलंच माझ्याकडे आली. त्यांना आता उलटं गणित करायचं होतं. त्यांनी काढलंय ते लिहिते, नीट वाच. यंत्र आलं आणि सगळ्या तलावभर फिरून अर्धी जलपर्णी काढली, तरी बारा दिवसांत ती पुन्हा तेवढीच होईल. सगळीकडे थोडी थोडी काढणं म्हणजे न काढणं. त्याऐवजी एक पट्टी आखा, फक्त नावेच्या वाटेएवढी. दोन्ही बाजूंनी तरंगता अडसर बांधा, म्हणजे बाहेरची आत येणार नाही. आत मात्र पार तळ लागेपर्यंत साफ करा. हजाराचे दुप्पट दोन हजार, पण दोनाचे दुप्पट चारच. थोडंच उरलं असेल तर ते हातानंसुद्धा आवरतं. मग पट्टी रुंद करत जा.

अडसर कशाचा करायचा ते त्यांना माहीत नाही. मी म्हटलं, तिथे एक सुतार आहे.

ताई

*

२ जुलै

ती. ताईस,
नमस्कार.

उशिरा लिहितोय. हातांना फोड आले होते.

तुझं पत्र घेऊन मी साहेबांकडे गेलो. यंत्र एकदाचं आलं होतं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि यंत्रवाल्यांना सांगितलं, हा सुतार सांगेल तिथून सुरुवात करा. कारखान्यातले सगळे वासे, जुन्या नावांच्या फळ्या, रिकामी पिंपं, जे तरंगेल ते मी दोरानं एकमेकांना जोडलं. दोन लांब ओळी केल्या, या काठापासून त्या काठापर्यंत. यंत्र आतून गेलं, आणि त्याच्या मागून आम्ही. त्या काठाची माणसं तिकडून, आम्ही इकडून. मध्ये भेटलो तेव्हा कुणी आरोळी दिली नाही. सगळ्यांना माहीत होतं आपण कुठल्या जागी उभे आहोत.

वाट उघडून दोन आठवडे झाले. नाव चालते. पट्टी दर खेपेला वासाभर रुंद करतोय. तुझ्या मुलांना सांग, बारा दिवसांनी आत बघितलं, दुप्पट झाली होती. पण ती दुप्पट दोघा माणसांनी सकाळच्या चहाआधी काढून टाकली.

पहिल्या नावेनं विहीणबाईंना खाटेसकट आणलं. छोटी घाटावर मुलीला घेऊन उभी होती. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. छोटी पहिल्यांदाच रडली. मग तिनं सासूबाईंना कुशीवर वळवलं आणि मुलीला त्यांच्या शेजारी ठेवलं. त्या आता आमच्याकडेच आहेत. वडील गेल्यावर लगेच जावई नोकरी सोडून आला, आईचं केलं आणि भट्टी हातात घेतली. त्याचा पाव अजून नीट फुगत नाही, पण लोक घेतात.

काल विहीणबाई म्हणाल्या, "ते मुलांचं गणित मलाही सांगा. ह्यांना कळलं होतं म्हणता, मला कुणी सांगितलंच नाही." मी एका फळीवर खडूनं आठापासून हजारापर्यंत लिहून दाखवलं. त्यांनी फळी हातात घेतली. बराच वेळ बघून आठाच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्याच्याही आधी, तुम्हाला अगदी पहिल्यांदा दिसली तेव्हा किती होती?"

मी म्हटलं, "घाटाच्या पायरीशी. टोपलीभर असेल."

"काढायला किती माणसं लागली असती?"

मी खडू हातात फिरवत राहिलो. त्या म्हणाल्या, "सांगा की."

"एक," मी म्हटलं. "एक माणूस, एक सकाळ."

मला वाटलं, आता त्या मला बोलतील. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फळी खाली ठेवली, मुलीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाल्या, "मग तुम्ही रोज सकाळी जात जा."

मी रोज सकाळी जातो, ताई. टोपली घेऊन.

तुझा
धाकटा